अकरा किलोंची सुटकेस

३ जून, इताबायाना

सुटकेस आज कांद्याच्या वखारीतल्या काट्यावर ठेवून आणली. अकरा किलो दोनशे ग्रॅम. गेल्या जूनमध्ये नऊ होती. वखारवाल्याने झाकण उघडून बघितलं आणि विचारलं, "देसीदादा, यातलं वाजतं कोणतं?"

"यातलं काहीच वाजत नाही. वाजते गिटार. ही पायाने दाबायची पेडलं तिला वळण लावतात."

"म्हणजे मास्तर. आणि मास्तर पाच, विद्यार्थी एक?"

आमच्या गावात सगळेच शहाणे.

संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पाचही पेडलं मांडून बसलो. काय न्यायचं, काय ठेवायचं, हे दरवर्षीचं दुखणं. ट्यूनर हवाच. कम्प्रेसर तर हवाच हवा, कारण जोरात वाजलेला आणि हळू वाजलेला सूर तो एका पातळीवर आणतो, आणि हल्ली माझे सूर फार खालीवर होतात. मग वाटलं, एक कम्प्रेसर बिघडला तर? म्हणून दुसराही घेतला. ऑक्टेव्हचं पेडल सूर एक सप्तक खाली उतरवतं, पोटातून गुरगुरल्यासारखं. ते एकाच गाण्यात लागतं.

"एका गाण्यासाठी एवढं ओझं?" बायकोने, मार्लुसीने, विचारलं. मी ते पेडल टॉवेलात गुंडाळलं. मग ती मूळ मुद्द्यावर आली. "आणि हाताचं काय? डॉक्टरकडे कधी?"

"जून संपल्यावर." जूनभर सांव जुआंवच्या सणाचे कार्यक्रम, गावोगाव.

डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका बधिर होतात. सुटकेस उचलून उचलून होतात, दुसरं काय. बायकोला सांगितलं की ती म्हणते, मग कमी उचल.

३१ वर्षं झाली, मी 'लुआ दी मिल्यो' या बँडमध्ये बास गिटार वाजवतोय. झुलेदीने बँड काढला तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती आणि मी तीस. गाते ती, मालकही तीच. मी चुकलो की ती गाता गाता मागे वळायची आणि नुसती बघायची. शिवी परवडली, ती नजर नको. पण गेलं वर्षभर ती एकदाही वळली नाही. वयाने माणूस मऊ होतं म्हणतात, ते खरं असावं.

५ जून, आर्कोवेर्दी

बसमध्ये नऊ तास. सुटकेस दोन पायांत धरून. गुडघे आता माझे राहिलेले नाहीत.

सगळे म्हणतात, खाली सामानाच्या कप्प्यात टाक. टाकणार नाही. दोन वर्षांपूर्वी बेझेरोसला तेच केलं होतं. आम्ही मंचावर चढलो आणि ड्रायव्हर बस घेऊन जेवायला गेला, तो कार्यक्रम संपल्यावर उगवला. त्या संध्याकाळी मी गिटारची वायर सरळ साउंडच्या मिक्सरमध्ये खुपसून वाजवलं. मध्ये एकही पेडल नाही. भर चौकात नागडं उभं राहिल्यासारखं वाटलं. आयुष्यात इतका उघडाबोडका आवाज काढला नसेल. तेव्हापासून सुटकेस पायात असते.

उतरल्या उतरल्या नेहमीचा प्रश्न: "प्लग किती?" इथे पेर्नांबुको राज्यात दोनशेवीस व्होल्ट. आमच्या घरी एकशेदहा. हे विचारल्याशिवाय आमच्याकडचा वाजवणारा कॉफीलासुद्धा हात लावत नाही. सुटकेसच्या तळाशी विजेचा डबा आहे, त्याचं बटण दोनशेवीसवर सरकवलं आणि झाकणावर कागदी चिकटपट्टी लावून तिच्यावर जाड पेनाने लिहिलं: २२०.

आम्हाला हल्ली सातचा कार्यक्रम मिळतो. मोठ्या नावाचे बँड नंतर येतात. सातला म्हाताऱ्या बायका एकमेकींना धरून नाचतात, पोरं त्यांच्या पायात येतात. मला आवडतात त्या. उतरल्यावर एरिवानला विचारलं, आवाज कसा होता. एरिवान आमचा साउंडवाला, मिक्सरवर तोच बसतो.

"छान ऐकू येतं, दादा."

रोज हेच. याला दुसरं वाक्य माहीत नाही.

८ जून, सेर्रा ताल्यादा

काल आवाज मेलेला होता. माझ्यामागच्या अँपमधून, माझ्या स्वतःच्या स्पीकरमधून, मला ऐकू येत होतं ते अगदी गोधडीत गुंडाळल्यासारखं. बाकीचे सगळे कानात इअरफोनची बोंडं घालून वाजवतात, आणि ट्रम्पेट नि कोरस तर लॅपटॉपमधूनच येतात, आठ माणसांचा बँड आणि चौदा माणसांचा आवाज. मला ती बोंडं नकोत. माझा अँप, माझे कान.

सकाळी हॉटेलच्या जमिनीवर बसून पेडलांचा क्रम बदलला. कम्प्रेसर आधी, मग प्रीअँप, म्हणजे आवाजाला अंग देणारं पाचवं पेडल. दुपारी परत बदलला. पाठ ताठ झाली. संध्याकाळी वाजवलं, आणि उतरल्यावर म्हटलं, एरिवानला विचारण्यात अर्थ नाही. भाजलेली कणसं विकणाऱ्या बाईला विचारलं.

"बास कसा वाटला, बाई?"

"कुठला?"

"तो जाड आवाज. खालचा."

"तो होय. पोटात हललं माझ्या. एक कणीस देऊ?"

मी दोन घेतली. इतकं बरं वाटलं की बसपर्यंत पाय दुखले नाहीत. दुसऱ्या कम्प्रेसरची करामत, असं मनाशी म्हणत सुटकेस उघडली, तर तो आत नव्हता. टॉवेलात गुंडाळून मागच्या सीटवर पडलेला. मी तो आज लावलाच नव्हता. म्हणजे जुनाच बरा आहे. उगीच ओझं वाहतोय.

१२ जून, मोंतेइरो

काल जलद गाण्यात दोन पूर्ण ओळी हातातून सुटल्या. करंगळी तारेवर होती, पण तारेवर आहे हे मला डोळ्यांनी बघावं लागलं. घाम फुटला. झुलेदी आता वळणार म्हणून मी मान खाली घातली. ती वळली नाही. लोक नाचत राहिले. कम्प्रेसर सांभाळून घेतो, हेच खरं.

नोनातो आमचा अकॉर्डियनवाला, सगळ्यांत जुना मित्र. दुपारी तो झुल्यात पडला होता आणि मी खाली बसून एकेक वायर तपासत होतो.

"देसी, सोड ना ते," तो म्हणाला. "एक वायर लाव आणि वाजव."

"तुझं काय जातंय बोलायला. भाता हलवला की झालं. तुला वीज लागत नाही."

एरवी यावर त्याने माझ्या सात पिढ्या काढल्या असत्या. आज तो नुसता छताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तू दमला नाहीस का रे?"

"दमलोय. तू?"

"मीही."

रात्री मार्लुसीचा फोन. तिच्या भाचीने कार्यक्रमाचा व्हिडिओ पाठवला होता. "छान वाजवलंस," ती म्हणाली. "पण ते तुझं गुरगुरणं नाही आलं. ज्या गाण्यासाठी ते पेडल नेलंस, त्यात साधाच आवाज आहे." मी म्हटलं, फोनचा माइक तो, त्याला खालचे सूर काय पकडता येणार. मार्लुसी म्हणाली, बाकीचे पकडले की. हिला समजावण्यात अर्थ नाही.

१६ जून, घरी

दोन दिवस सुट्टी. मागवलेलं नवं प्रीअँप येऊन पडलं होतं. काळं, विटेएवढं. फ्रिजचा प्लग काढून सुटकेस तिथे लावली, डब्याचं बटण एकशेदहावर सरकवलं आणि अडीच तास वाजवलं. आवाज असा गोल, की मार्लुसीसुद्धा मक्याचं कुसकुस वाफवता वाफवता थांबली.

"हे चांगलं आहे," ती म्हणाली.

"आहे ना?"

"हो. पण फ्रिज लाव आता, मासे आहेत त्यात."

जेवताना चमचा हातातून पडला. दोघांनीही त्याच्याकडे बघितलं नाही. नंतर ती भांडी घासताना पाठमोरी म्हणाली, "दोन जुलैची वेळ घेतलीय. आराकाजूला. कोपरातली नस असते म्हणे. तू नाही आलास तर मी एकटी जाऊन डॉक्टरला तुझं वर्णन सांगेन."

सुटकेस आता साडेअकरा झाली असणार. तोलली नाही. भीती वाटली.

२० जून, पेस्केइरा, सकाळ

जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो. नाहीतर उद्या मीच त्याला दुसरं काही नाव देईन.

काल इथे पोचलो. "प्लग किती?" दोनशेवीस. मी सुटकेसच्या झाकणाकडे बघितलं. पट्टीवर माझ्याच अक्षरात २२०. म्हटलं, झालं. ती पट्टी पाच तारखेची होती. घरी बटण बदललं, पट्टी काढायची राहिली. एकतीस वर्षांत ही चूक मी दुसऱ्यांची बघितली होती, आणि हसलोही होतो.

मंचावर अँपचा प्लग लावला. सुटकेसचं चालू करायचं बटण मात्र पहिलं गाणं सुरू होईपर्यंत दाबलं नव्हतं, कारण झुलेदीने लवकर सुरुवात केली. गाणं चालू झालं तसं पायाने बटण दाबलं. पहिल्या कडव्यापर्यंतही गेलो नाही. केस जळल्याचा वास आला. पेडलांचे दिवे एकदम लख्ख झाले आणि एकेक करून विझले. नवं प्रीअँप सगळ्यात शेवटी गेलं. माझ्यामागचा अँप मुका झाला.

आणि बास चालू राहिला.

मला वाटलं कानात घुमतंय. मी तारांवरून हात उचलला. दोन्ही हात. समोरच्या भिंतीएवढ्या स्पीकरमधून बास येत होता, चौक हलवत होता, स्वच्छ, एकही सूर इकडचा तिकडे नाही. समोर दोन म्हाताऱ्या एकमेकींच्या खांद्यावर हनुवट्या टेकून नाचत होत्या. झुलेदी वळली नाही. नोनातोने मात्र बघितलं. माझे हात बघितले आणि डोळे मिटून घेतले. लांब मिक्सरवर एरिवान डोक्याला हात लावून उभा होता.

मी हात परत तारांवर ठेवले आणि वाजवल्यासारखं करत राहिलो. उरलेली एकोणीस गाणी. का केलं ते माहीत नाही. त्या दोघी नाचत होत्या म्हणून असेल. लाज वाटत होती. राग नंतर आला.

आज सकाळी एरिवान दोन कप कॉफी घेऊन आला आणि दारातच उभा राहिला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"गेल्या सांव जुआंवपासून. वर्ष झालं, दादा."

"कोण वाजवतो?"

तो पायाने दार लोटून आत आला.

"मालकिणीचा पुतण्या? कोण भाड्याने घेतलाय सांग. मला नाव हवं."

"तुम्हीच वाजवता, दादा." त्याने कप खाली ठेवले. "आपण एक कार्यक्रम पूर्ण रेकॉर्ड केला होता, प्रत्येक वाद्य वेगळं. त्यातला तुमचा बास काढून लॅपटॉपमध्ये घातला. रोज तोच लावतो. तुमचा अँप चालू ठेवतो, तुम्हाला ऐकू यावं म्हणून. बाहेर तो जात नाही."

"कुठला कार्यक्रम?"

"बेझेरोस."

"बेझेरोसला माझी सुटकेस नव्हती."

"म्हणूनच तर. नुसती बोटं आणि तार. माझ्याकडे तुमची बाकी रेकॉर्डिंगं आहेत की. पण तुमचा इतका सुंदर आवाज मी कधीच पकडला नाही."

कॉफी निवून गेली. कोणीच प्यायली नाही.

२१ जून, बसमध्ये

झुलेदी काल दुपारी बसमध्ये माझ्या शेजारी येऊन बसली. पायात सुटकेस होती, तिच्यामुळे तिला पाय वाकडे करून बसावं लागलं. जळका वास अजून येत होता.

"बोल," ती म्हणाली. "शिव्या दे."

"मला काढून टाकायचं होतंस."

"आणि मार्लुसीला काय सांगू? तुझा नवरा घरी पाठवतेय, त्याची दोन बोटं मेलीत?"

"माझ्या बोटांचं तुला कोणी सांगितलं?"

"देसी, मी तुझ्यापुढे उभी राहून एकतीस वर्षं गातेय. तुझी बोटं मला तुझ्याआधी कळली." ती खिडकीबाहेर बघत होती. "तीनदा तुझ्या खोलीपर्यंत आले होते सांगायला."

"मग?"

"तिन्ही वेळा तू पेडलं पुसत होतास. लहान बाळाला पुसावं तसं. मी परत गेले."

मी एकच गोष्ट विचारली, जी खरं तर मला सगळ्यात जास्त लागली होती. "म्हणून मागे वळणं सोडलंस?"

"वळू कशाला? मला तुझं ऐकूच येत नाही. माझ्या कानातही बेझेरोसच वाजतं." मग हळूच म्हणाली, "तिथे तू एकदाही चुकला नव्हतास रे."

मला वाटतं हे ऐकून कुणालाही बरं वाटलं असतं. मला रडू आलं. ती उठून गेली नाही, एवढं मान्य करायला हवं.

शेवटी मी म्हटलं, "तेवीस तारखेला शेवटचं संथ गाणं. त्याला लॅपटॉपमधला माझा बास बंद. माझी वायर बाहेर सोडायची."

"चुकशील."

"चुकेन."

"सांव जुआंवच्या संध्याकाळी? सगळा चौक भरलेला असताना?"

"तुझी वीस गाणी आहेत. मी एक मागतोय."

उठताना ती माझी सुटकेस पायाने सरकवायला गेली आणि अंगठा ठेचकाळून घेतला. "काय दगड भरलेत यात?" म्हणाली. मी म्हटलं, हो.

२२ जून, सेर्तानिया

मार्लुसीला फोनवर सगळं सांगितलं.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"नाही. व्हिडिओ बघून मला इतकंच वाटलं की हा पुन्हा पूर्वीसारखा वाजवायला लागला." मग म्हणाली, "दोन जुलै, सकाळी नऊ. विसरू नकोस."

दिवसभर झुल्यात पडून त्या संथ गाण्याची बोटं बसवली. वीज नाही, अँप नाही, पोटावर गिटार आणि तारेचा बारीक आवाज. तर्जनी आणि मधल्या बोटाला बरंचसं जमतं. सूर कमी केले. जिथे पूर्वी चार घालायचो तिथे दोन. एकच जागा अशी आहे, दुसऱ्या कडव्यात, जिथे अनामिकेशिवाय पोचताच येत नाही. चाळीसदा केलं. एकोणीसदा लागलं.

नोनातो शेजारच्या झुल्यात होता. सात पिढ्यांचं कर्ज त्याने आज फेडलं. "बैलाने गोठ्याची भिंत खाजवावी तसं वाजवतोयस," म्हणाला. इतकं हायसं वाटलं.

२४ जून, सेर्तानिया, दुपार

काल घरांपुढे होळ्या पेटायला लागल्या होत्या तेव्हा आम्ही मंचावर चढलो. धुराने डोळे झोंबत होते. सुटकेस बसमध्ये, खालच्या कप्प्यात. ड्रायव्हर जेवायला गेला, मी त्याला स्वतः सांगितलं, सावकाश जेव. खांद्यावर गिटार, खिशात एक वायर. मंचाच्या पायऱ्या चढताना शरीर मागे झुकलं, सुटकेसचा तोल सावरायची सवय राहिलीय.

एकोणीस गाणी बेझेरोस वाजलं. मी बोटं फिरवली आणि नीट ऐकलं. पहिल्यांदाच ऐकलं असं म्हणायला हवं. तो माणूस चांगला वाजवतो. दोन वर्षांपूर्वी त्याला मी चौकात नागडा म्हणून हिणवलं आणि त्याच्या अंगावर घालायला साडेअकरा किलो लोखंड विकत घेतलं.

विसाव्या गाण्याआधी झुलेदीने एरिवानकडे बघून हात वर केला. एरिवानने लॅपटॉपमधला बास बंद केला आणि मला खूण केली. मी एक सूर वाजवून बघितला. तो चौकभर गेला आणि समोरच्या चर्चच्या भिंतीवरून परत आला. माझाच. जरा कापरा, जरा पातळ.

पहिलं कडवं गेलं. दोन सुरांचं, साधं, पण जागच्या जागी. पुढे एक जोडपं नाचत होतं, साठीचं असेल, बाईने चपला काढून हातात धरल्या होत्या. त्यांना काही फरक पडलेला दिसला नाही. मग दुसरं कडवं. मी अनामिकेकडे डोळे लावून बसलो, जाईल का, जाईल का. गेली. आणि तारेवरून घसरून शेजारच्या सुराच्या घरात पडली. चुकलेला सूर सगळ्या चौकाने ऐकला, चपला धरलेल्या बाईचं पाऊलही अडखळलं.

झुलेदी गाता गाता मागे वळली आणि माझ्याकडे नुसती बघत राहिली.